दीड तास, पंचावन्न अंशांवर

सकाळी ६.१०. डोंबिवली. ताई महिलांच्या डब्यात, मी शेजारच्या. परळला उतरून कोपऱ्यावर कटिंग चहा, दहा रुपयांचा. ताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहेत. बारा वर्षं झाली, अजून कंत्राटावरच. महिन्याला बावीस हजार.

७.४०. मेणाचे ठोकळे बर्फावर. मेण घट्ट असलं की काप नीट सुटतो. आजच्या ठोकळ्यात मानेतल्या गाठीचा तुकडा आहे, आठ वर्षांच्या मुलाचा. त्याचं नाव ताईंना माहीत नाही. नंबर आणि वय तेवढं कागदावर.

८.१५. काप काढायच्या यंत्राला, मायक्रोटोमला, नवं पातं लावलं. दोनेकशे रुपयांचं एक. ताई ते पुरवून पुरवून वापरतात, पण या कामाला नवंच लागतं. बोथट पात्याने कापाला रेघा पडतात. उजव्या हाताने चाक फिरतं, डाव्या हातात कुंचला. चार मायक्रॉनची पातळ रिबन सुटते. ती कोमट पाण्यावर तरंगत ठेवायची आणि काच खालून सरकवून उचलायची. दोन रिबनी वाया गेल्या. तिसरी बसली. बारा वर्षं हेच चाक फिरवून त्यांचा उजवा खांदा दुखतो.

१०.००. काचा तासभर ६० अंशांच्या ओव्हनमध्ये होत्या. आता झायलीन, मग अल्कोहोल. वास डोक्यात चढतो. एक्झॉस्ट पंखा चालू आहे, पण कुरकुरत. ताई हातमोजे बदलतात, थोड्या वेळाने पुन्हा बदलतात. शोधायचा आहे तो विषाणूचा आरएनए. उघड्या बोटाचा स्पर्श झाला तरी घामातल्या एन्झाइमने तो तुटतो आणि सगळी सकाळ फुकट जाते.

११.२०. त्या आरएनएला चिकटणाऱ्या प्रोबचा थेंब, वर कव्हरस्लिप, बुडबुडा न राहू देता. हा दिवसातला सगळ्यात महागडा थेंब. शेजारी दोन काचा आणखी: एक आधीच पॉझिटिव्ह ठरलेल्या गाठीची, दुसरी याच मुलाची, पण नुसत्या कंट्रोल प्रोबची. मग दीड तास, ५५ अंशांवर.

या दीड तासात डबा. भाकरी, मेथी. मी विषाणूचं विचारतो. एपस्टाइन-बार, हर्पिसच्या कुळातला. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात तो असतो, बहुतेकांना लहानपणी लाळेतून आलेला. माझ्यात असेल, ताईंच्यातही. तो सापडला १९६४ साली, युगांडातल्या मुलांच्या जबड्याच्या गाठींत. कंपालाहून लंडनला निघालेला एक नमुना धुक्यामुळे विमान वळवल्याने उशिरा पोचला. द्रव गढूळ झाला होता, पण त्यात सुट्या झालेल्या गाठीच्या पेशी जिवंत होत्या. त्या वाढवता आल्या आणि त्यांतच विषाणू दिसला. ताईंना हे माहीत नव्हतं. “म्हणजे त्यांचाही नमुना रखडलाच होता,” त्या म्हणाल्या.

१.००. धुणं. अँटिबॉडी, अर्धा तास. पुन्हा धुणं.

२.१५. रंगद्रव्य घातलं. मिनिटामिनिटाला डोकावणं. पॉझिटिव्ह कंट्रोलवर निळे-काळे ठिपके उमटले. ताईंचा श्वास सुटला. मग लाल काउंटरस्टेन, वर काच.

३.५०. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावली. मलाही बघू दिलं. लालसर पार्श्वभूमीवर मोठ्या, वेड्यावाकड्या पेशी, आणि त्यांचीच केंद्रकं काळी. शेजारी छोट्या पेशींचा थवा, जवळपास सगळा नुसता लालसर. अधूनमधून एखादी छोटीही काळी दिसते. तशी ती निरोगी माणसातही सापडते. मोजायच्या त्या मोठ्या. मॅडम म्हणाल्या, “हॉजकिन लिम्फोमा आहे. गाठीच्या पेशींत विषाणू आहे, हे नक्की. पण गाठ त्याच्या एकट्यामुळे झाली का, ते ही काच सांगत नाही.” ईशान्येकडून नाक-घशाच्या कॅन्सरचे पेशंट येतात, त्यांच्या काचांवरही हाच डाग असतो, असं त्यांनी सांगितलं. रिपोर्टवर सही झाली.

४.४०. वापरलेलं झायलीन कॅनमध्ये. बरण्या धुतल्या. पातं धारदार कचऱ्याच्या डब्यात. मुलाचा ठोकळा खणात, नंबरावर. मेण अजून बरंच शिल्लक होतं.