मडगार्डखालचे मिलिमीटर

पुण्याच्या परिसरात मोटार बनते, तपासली जाते, नोंदवली जाते आणि मग मालकाच्या हौसेप्रमाणे बदललीही जाते. चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन 31 मार्च 2009 रोजी झाले आणि तिथली पोलो पुढे पुण्यातल्या हौशी तरुणांची लाडकी गाडी ठरली. शिक्रापूरला एन्केई या जपानी कंपनीच्या भारतीय कारखान्यात अलॉय चाके तयार होतात. वेताळ टेकडीवरची एआरएआय ही 1966 साली स्थापन झालेली संस्था गाड्या आणि त्यांचे सुटे भाग नियमांत बसतात की नाही हे पाहते. आणि विश्रांतवाडीच्या अलीकडे, आळंदी रस्त्यावर फुलेनगरला, आरटीओचे कार्यालय आहे.

या सगळ्याच्या मधल्या जागेत टायरवाले, अलाइनमेंटवाले आणि डेंटिंग-पेंटिंगवाले यांचे काम चालते. विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर, कळस अशा उपनगरांतल्या गॅरेजमध्ये येणारी एक तक्रार ठरलेली असते: गाडी लो केली, रुंद मॅग व्हील (अलॉय चाक) टाकले, आणि आता टायर घासतोय. खड्ड्यात गेले की मागून खर्रकन आवाज येतो. स्टेअरिंग पूर्ण वळवले की पुढचे लाइनर, म्हणजे मडगार्डच्या आतले अस्तर, खरवडते. मित्र मागे बसले की वास येऊ लागतो. चाकांवर भरपूर पैसे घालवूनही गाडी चालवायची भीती वाटते.

असे होऊ न देता लो केलेल्या गाडीत रुंद चाक बसवणे ही एक स्वतंत्र कारागिरी आहे. तिच्यात पान्याच्या आधी मोजपट्टी हातात घ्यावी लागते. तिच्याकडे टवाळखोर पोरांचे खूळ म्हणून पाहिले जाते, हे मला खटकते. नीट केले तर हे काम अभियांत्रिकीचे आहे, आणि वाईट केले तर जिवाशी खेळ आहे.

हौस कुठून आली

धातूच्या ओतीव चाकांचे आकर्षण जुने आहे. 1924 साली ल्यों इथल्या ग्रां प्री शर्यतीत बुगाटीची टाइप 35 ॲल्युमिनियमच्या चाकांवर उतरली आणि चाक हाही गाडीच्या रूपाचा भाग झाला. गाडी जमिनीलगत नेण्याची हौस लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांमध्ये वाढली. रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली असू नये, असा कायदा कॅलिफोर्नियात 1958 साली लागू झाला. त्यावर उपाय म्हणून रॉन अगिरे या तरुणाने 1959 साली आपल्या गाडीला हायड्रॉलिक पंप बसवून ती हवी तेव्हा वर-खाली करण्याची सोय केली. पुढे जपान आणि जर्मनीत या हौसेला वेगवेगळी वळणे मिळाली. आपल्याकडे ती परदेशी मासिकांतून, खेळांतून आणि चित्रपटांतून आली.

हौसेला तांत्रिक आधारही आहे. गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलते. टायर रुंद केला म्हणून जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, कारण ते मुख्यतः गाडीचे वजन आणि हवेचा दाब यांवर ठरते. मात्र त्या क्षेत्राचा आकार बदलतो. ते आडवे रुंद आणि उभे आखूड होते, त्यामुळे वळणावरची पकड सुधारते. पण हे सगळे चाक मोकळे फिरत असेल तरच.

रिमवर कोरलेले आकडे

बहुतेक चाकांच्या आतल्या बाजूला काही आकडे कोरलेले असतात आणि सगळा निकाल त्यांतच असतो. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा रुंदीचा, दोन्ही इंचात. तिसरा पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. आपल्या पोलोला तो पाच बोल्ट आणि 100 मिमी असा आहे, तर स्विफ्ट किंवा होंडा सिटीला चार आणि 100. चौथा सेंटर बोअर, मधल्या भोकाचा व्यास. पोलोला तो 57.1 मिमी, स्विफ्टला 54.1. चाकाचे भोक हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागापेक्षा, मोठे असेल तर मधली फट भरायला हब रिंग लागते. ती नसेल तर चाक नेमके मध्यावर बसत नाही आणि वेगात स्टेअरिंग थरथरते.

पाचवा आकडा ऑफसेटचा. बहुतेकांची गफलत इथेच होते. चाकाची मध्यरेषा आणि हबला टेकणारा त्याचा पृष्ठभाग यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. हा आकडा जितका मोठा तितके चाक आत, जितका लहान तितके बाहेर.

हिशेब करून पाहू. समजा मूळ रिम 6 इंच रुंद, ऑफसेट 40, टायर 185/60 आर 15 (रुंदी मिमीत, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत) आहे. नवी रिम 7 इंच, ऑफसेट 35 आणि टायर 195/55 आर 15 घ्यायचा आहे. 1 इंच म्हणजे 25.4 मिमी. रिमची अर्धी रुंदी 76.2 वरून 88.9 मिमी होते. रिमची बाहेरची कड 17.7 मिमी बाहेर आणि आतली कड 7.7 मिमी आत सरकते. टायर मात्र तेवढा सरकत नाही. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की टायर सुमारे 5 मिमीने फुगतो, हा ठोकळ नियम. त्या हिशेबाने जुन्या रिमवर 185 चा टायर साधारण 190 मिमी आणि नव्या रिमवर 195 चा टायर साधारण 205 मिमी भरेल. म्हणजे टायरची कड बाहेर 12.5 आणि आत 2.5 मिमी सरकेल. कागदावरचे हे गणित पाच मिनिटांचे आहे. ते न करता चाके घेतली तर पुढचे कित्येक आठवडे गॅरेजच्या फेऱ्यांत जातात.

उंचीचेही गणित आहे. 185/60 आर 15 टायरचा एकूण व्यास 603 मिमी, 195/55 आर 15 चा 595.5 मिमी. फरक सव्वा टक्क्याच्या आसपास, म्हणजे चालण्यासारखा. तोच 195/50 आर 15 घेतला तर व्यास 576 मिमीवर येतो आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा सुमारे पावणेपाच टक्के जास्त दाखवू लागतो. शिवाय त्या टायरचा भारांक सहसा 82, म्हणजे 475 किलो. मूळ टायरचा 84, म्हणजे 500 किलो. दिसायला रुंद असलेला टायर वजन पेलायला कमी पडू शकतो. दुकानात ही गोष्ट आपणहून फार कमी जण सांगतात.

घासते नेमके कुठे

टायर घासण्याच्या जागा ठरलेल्या असतात. पुढे तीन: मडगार्डच्या आतल्या बाजूला दुमडलेली पत्र्याची कड, स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर लाइनरचे पुढचे-मागचे कोपरे, आणि आतल्या बाजूला शॉकअपची नळी किंवा स्प्रिंगची खालची बैठक. मागे मुख्य जागा एकच: कमानीची कड. आवाज ऐकून कोणती जागा घासते हे अनुभवी मिस्त्री ओळखतो. लाइनरचा आवाज भसाडा असतो, पत्र्याचा धारदार. आतून शॉकअपला घासणारा टायर मात्र फारसा आवाज करत नाही. म्हणून तो सगळ्यात धोक्याचा. टायरची बाजू आतून कापली जाते आणि बाहेरून काही दिसत नाही.

इथे विश्रांतवाडीच्या रस्त्यांचा विचार करावा लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. गल्लीबोळांतले गतिरोधक याहून आखूड आणि उभे असतात, हे रोज गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. त्यावर चाक झटक्याने वर जाते. चार माणसे बसलेली, डिकीत सामान, समोर असा गतिरोधक: चाचणी या स्थितीत व्हायला हवी. सपाट फरशीवर, रिकाम्या गाडीत, मडगार्ड आणि टायरमध्ये दोन बोटे जातात म्हणून समाधान मानणे फसवे आहे.

मोजायची पद्धत

चांगला कारागीर नवे चाक विकत घेण्याआधी मूळ चाकाभोवतीची जागा मोजतो. गाडी जॅकवर न ठेवता चारही चाकांवर उभी ठेवून टायर ते शॉकअप, टायर ते कमानीची कड, दोन्ही अंतरे चारही चाकांची वेगवेगळी. डावी-उजवी बाजू काही मिलिमीटरने वेगळी निघणे ही सामान्य बाब आहे.

त्याहून खात्रीची पद्धत स्प्रिंग काढून करायची. गाडी स्टँडवर भक्कम ठेवायची, स्प्रिंग उतरवायचा, शॉकअप आणि बंप स्टॉप जागेवर ठेवायचे, चाक बसवायचे आणि खालून जॅकने हब हळूहळू वर न्यायचा, बंप स्टॉप दबेपर्यंत. त्या टोकाला स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहायचे. प्रवासात चाक ज्या सर्वांत वाईट जागी जाऊ शकते ती जागा अशी उभ्या गाडीत डोळ्यांनी दिसते. शेवटची पडताळणी रस्त्यावर. टायरच्या खांद्यावर खडू घासायचा, मागे माणसे बसवायची, गतिरोधकावरून सावकाश जायचे. खडू कुठे पुसला गेला ते पाहिले की अंदाज बांधायची गरज उरत नाही.

उपाय, आणि उपायांची किंमत

सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे योग्य ऑफसेटचे चाक निवडणे. बाकीचे सारे तडजोडीचे.

चाक आतून घासत असेल तर स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्या मधली चकती, लावतात. 5 मिमीचा स्पेसर म्हणजे ऑफसेट 5 ने कमी. पण तेवढाच बोल्टचा आटा हबमध्ये कमी शिरतो, म्हणून लांब बोल्ट हवेतच. स्पेसर हबवर नेमका बसणारा हवा. बोल्टच्या बैठकीचा आकारही जुळला पाहिजे. फोक्सवॅगनच्या मूळ चाकांना गोलसर बैठकीचे बोल्ट लागतात, बाजारातल्या बहुतेक चाकांना 60 अंशांच्या शंकूचे. चुकीचा बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि वाटेत सैल होतो. पोलोला बोल्ट 120 न्यूटन-मीटर टॉर्कने आवळायचे असतात. नवे चाक बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर ते टॉर्कच्या पान्याने पुन्हा तपासावेत. ऑफसेट कमी केला की बेअरिंगवरचा ताण आणि स्टेअरिंगची ओढ वाढते, हेही लक्षात असावे.

बाहेरून घासत असेल तर मडगार्डची कड आत दुमडतात. हबवर बसणारे रोलर लावलेले अवजार असते. हीट गनने रंग गरम करत, थोडा थोडा दाब देत, कड वर वळवायची. घाई केली की रंगाला तडे जातात. मागच्या कमानीत दोन पत्रे एकत्र जोडलेले असतात आणि त्यांच्यात सीलंट असतो. कड दुमडताना तो फुटतो. पुन्हा सील करून, प्रायमर आणि अंडरकोट मारला नाही तर पुण्याच्या पावसाळ्यात तिथून गंज धरतो. हे काम डेंटरचे आहे. हातोड्याने कड ठोकणाऱ्याला ते देऊ नये.

तिसरा उपाय कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणे. थोडा कॅम्बर वळणावर उपयोगीच पडतो. जास्त झाला की टायर आतल्या कडेने झिजतो. आपल्या बहुतेक लहान गाड्यांचा मागचा ॲक्सल एकसंध असतो, तिथे कॅम्बर सहज बदलत नाही. त्यासाठी पाचरीच्या आकाराचे शिम लागतात. आणि गाडीची उंची बदलली की पुढच्या चाकांचा टो, म्हणजे त्यांचा पुढून आत-बाहेर वळलेला कोन, बदलतोच. म्हणून अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, पण चुकवून चालणार नाही.

एक गोष्ट मात्र करूच नये: स्प्रिंग कापणे. ग्राइंडरने दीड-दोन वेटोळी कापली की गाडी फुकटात खाली येते. पण कमी वेटोळ्यांचा स्प्रिंग कडक होतो आणि चाक खड्ड्यात लोंबकळले की तो बैठकीतून सुटू शकतो. शॉकअप मूळ उंचीचाच राहतो आणि लवकर निकामी होतो. त्याच गाडीसाठी बनवलेले लोअरिंग स्प्रिंग किंवा उंची बदलता येणारे कॉइलओव्हर घेण्याची ऐपत नसेल, तर गाडी आहे त्या उंचीला ठेवावी.

कायदा, आणि एक मागणी

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीपत्रातला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून मडगार्डच्या बाहेर आलेली चाके आणि जमिनीला टेकू पाहणारी गाडी हे पैसे वाया घालवण्याचे मार्ग आहेत. निर्माता त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला जो टायर-रिमचा आकार देतो, त्याच्या जवळ राहणे शहाणपणाचे. जो काही बदल केला तो विमा कंपनीला लेखी कळवावा.

पण मला आणखी एक म्हणायचे आहे. जर्मनीत बाजारातले चाक विकताना ते कोणत्या गाडीला, कोणत्या टायरसह, कोणत्या अटींवर चालते याचे तपासणी प्रमाणपत्र सोबत येते, आणि गरज असेल तिथे त्याची नोंद गाडीच्या कागदांत होते. आपल्याकडे सीएनजी किटसाठी अशीच वाट आहे: मान्यताप्राप्त संस्थेने मंजूर केलेले किट, अधिकृत जागी बसवणे आणि आरटीओत नोंद. चाकांसाठी तीच वाट का नसावी? तपासणारी संस्था पुण्यात आहे, चाके बनवणारा कारखाना पुणे जिल्ह्यात आहे, नोंद करणारे कार्यालय विश्रांतवाडीच्या शेजारी आहे, आणि काम जाणणारे हातही इथेच आहेत. मंजूर आकारांची यादी आणि एका पानाचा नोंदणी अर्ज एवढे झाले तर ग्राइंडर चालवणारा आणि टॉर्कचा पाना वापरणारा यांच्यातला फरक गिऱ्हाइकालाही दिसेल.

ते होईपर्यंत वाचकांना सांगणे एवढेच: चाकाच्या प्रेमात पडण्याआधी आपल्या गाडीचा ऑफसेट वाचा, चारही बाजूंची जागा मोजा, हिशेब कागदावर मांडा आणि मगच पैसे मोजा. जो मिस्त्री मोजमाप न घेता "बसेल की" म्हणतो, त्याच्याकडून गाडी तशीच परत आणा.