दहापैकी सात ट्रेड बरोबर, तरी तोटा कसा? लाँग-शॉर्टचा आठवड्याचा हिशेब असा मांडा

मी माधवनगरचा, काम सॉफ्टवेअरचं. शुक्रवारी साडेतीनला बाजार बंद झाला की आमच्या ग्रुपवर प्रॉफिटचे हिरवे स्क्रीनशॉट सुरू होतात. "या आठवड्यात दहापैकी सात बरोबर!" पण पैसे खरंच सुटले का, हे स्क्रीनशॉटमधून कळत नाही. त्यासाठी मोबाईलमधली एक साधी स्प्रेडशीट पुरते.

लाँग आणि शॉर्ट म्हणजे काय?

सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात साठवायची पद्धत होती. आज घेतलेला माल भाव वाढेल म्हणून धरून ठेवणं, हा झाला लाँग. शॉर्ट त्याच्या उलट: माल जवळ नसताना आधी विकायचा आणि भाव पडल्यावर विकत घेऊन द्यायचा. भाव पडला तर नफा, चढला तर तोटा.

साध्या कॅश बाजारात आपल्याला शॉर्ट त्याच दिवशी मिटवावा लागतो. शेअरला अप्पर सर्किट लागलं तर विकणाराच सापडत नाही आणि प्रकरण ऑक्शनमध्ये जातं. शिवाय शेअर पडून पडून शून्यापर्यंतच पडतो, चढायला मात्र मर्यादा नाही. दोघांची जोखीम वेगळी, म्हणून हिशेबही वेगळा ठेवा.

एक आठवडा मांडून बघू

उदाहरणासाठी आठवड्यात दहा इंट्राडे ट्रेड झाले, प्रत्येक ५०,००० रुपयांचा, असं धरू.

लाँग ६: चारमध्ये मिळून १,६०० नफा, दोनमध्ये ६०० तोटा. शिल्लक +१,०००.
शॉर्ट ४: तीनमध्ये मिळून ६०० नफा, एकात १,१०० तोटा. शिल्लक -५००.

म्हणजे दहापैकी सात बरोबर आणि ५०० रुपये नफा. आता खर्च. ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी, स्टँप ड्युटी आणि एक्स्चेंजचे चार्जेस मिळून एका ट्रेडला ५३ रुपये धरले, तर दहा ट्रेडचे ५३०. हातात उरले उणे ३० रुपये! तुमचा खरा आकडा ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये असतो, तोच घ्या.

शॉर्टचा रकाना बघा. चारपैकी तीन बरोबर, तरी एका तोट्याने तिन्ही नफे खाल्ले. म्हणून किती ट्रेड जिंकले यासोबत सरासरी नफा आणि सरासरी तोटाही लिहा. इथे शॉर्टचा सरासरी नफा २०० आणि तोटा १,१००. असंच चाललं तर सहापैकी पाच ट्रेड जिंकूनही १०० रुपये तोटाच होईल, तोही खर्च धरण्याआधी.

तुमचं कौशल्य की बाजाराचा वारा?

प्रत्येक ट्रेड चालू असताना निफ्टी सरासरी ०.४ टक्के चढला असं धरू. मग सहा लाँगच्या ३ लाखांवर नुसत्या बाजारानेच १,२०० रुपये दिले असते. तुम्ही कमावले १,०००. म्हणजे शेअर निवडून २०० गमावले. उलट, चार शॉर्टच्या २ लाखांवर चढत्या बाजाराने ८०० चा तोटा व्हायला हवा होता, झाला ५०० चा. तिथे निवड ३०० ने सरस ठरली. वरवर बघणारा म्हणेल, लाँग वाढव आणि शॉर्ट बंद कर. हिशेब तसं सांगत नाही.

शीटमध्ये एवढे रकाने ठेवा: तारीख, लाँग की शॉर्ट, रक्कम, नफा-तोटा, खर्च, आणि तेवढ्या वेळात निफ्टी किती टक्के हलला. आठवड्याला दोन बेरजा करायच्या, लाँगची वेगळी आणि शॉर्टची वेगळी.

मात्र एका आठवड्यावरून निर्णय घेऊ नका. चार शॉर्ट म्हणजे चार वेळा नाणं उडवल्यासारखं आहे. निदान तेरा आठवडे, म्हणजे एक तिमाही, रक्कम न वाढवता नोंद ठेवा.

एवढा खटाटोप कशाला? सेबीच्या जुलै २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये कॅश बाजारात इंट्राडे करणाऱ्या ७१ टक्के लोकांना तोटा झाला. तिशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण ७६ टक्के होतं. आणि तोट्यात गेलेल्यांनी तोट्याच्या आणखी ५७ टक्के रक्कम नुसत्या खर्चात घालवली.

तेरा आठवड्यांनंतरही खर्च वजा जाता दोन्ही बेरजा उणे असतील, तर ॲप बंद करणं हाही हिशेबाने घेतलेला चांगला निर्णय आहे.