लोणार सरोवर

लोणार सरोवर : महाराष्ट्र राज्याच्या बुलढाणा जिल्ह्यातील खाऱ्या व क्षारीय पाण्याचे निसर्गनिर्मित सरोवर आणि प्रेक्षणीय स्थळ. ते लोणार या तालुक्याच्या गावालगत, मराठवाड्यातील जालना जिल्ह्याच्या सीमेजवळ असून नांदेड-लातूरकडील प्रवासी परभणी, मंठा या बाजूने येथे येऊ शकतात. सरोवर ज्या वाटोळ्या विवराच्या तळाशी आहे, त्याचा व्यास सु. १·८ किमी. व खोली सु. १४० मी. असून प्रत्यक्ष जलाशयाचा व्यास सु. १·२ किमी. आहे. विवराची कड भोवतालच्या मैदानापेक्षा सु. २० मी. उंच असल्याने सरोवर दुरून दिसत नाही. कडेवर पोहोचताच ते एकदम दृष्टीस पडते.

आईन-इ-अकबरीत येथील क्षारांचा साबण व काच यांसाठी होणारा उपयोग नमूद आहे. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या स्थळाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. प्रारंभी हे विवर ज्वालामुखीजन्य मानले जाई. परंतु प्रचंड आघातानेच संभवणारे बदल येथील खडकांत व खनिजांत आढळल्याने ते अशनिपाताने झाल्याचे १९७३ मधील संशोधनाने प्रस्थापित झाले. बेसाल्ट खडकातील अशी विवरे पृथ्वीवर अत्यंत विरळ आहेत. विवराचे वय एका मापनानुसार सु. ५२ हजार वर्षे, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मापनानुसार सु. ५ लक्ष ७० हजार वर्षे आहे. स्थानिक आख्यायिकेनुसार विष्णूने लवणासुराचा वध येथे केला. गावातील तारकाकृती तलविन्यासाचे दैत्यसूदन मंदिर याच कथेशी निगडित आहे.

सरोवराची प्रदक्षिणा हे येथील मुख्य आकर्षण होय. ईशान्येकडील धार या तीर्थाजवळ गोड्या पाण्याचा झरा आहे. तेथून उतरण झाली की पुढील वाट जवळजवळ सपाट असून फेरी साधारणतः चार किमी. भरते, खरा चढ परतताना लागतो. वरच्या उतारांवर पानझडी झाडी, त्याखाली वेड्या बाभळींचा पट्टा व पाण्यालगत क्षारयुक्त चिखल असे वनस्पतींचे वलयाकार पट्टे या वाटेवर दिसतात. झाडीत मोर व काठावर पाणपक्षी आढळतात. जुनी मंदिरे ठिकठिकाणी विखुरलेली असून दक्षिण तीरावर कमळजा देवीचे मंदिर आहे. त्याच्या जवळील ‘सासू-सुनेच्या विहिरी’चे एका बाजूचे पाणी गोडे व दुसऱ्या बाजूचे खारे असल्याचे सांगतात. हळदीने माखलेला कागद सरोवराच्या पाण्यात बुडविल्यास तांबडा होतो. पाण्याच्या क्षारीयतेची खूण त्यावरून पटते. पाणी वाढलेल्या वर्षी काठावरची वाट व काही मंदिरे पाण्याखाली जातात. म्हणून फेरीस हिवाळा व उन्हाळ्याचा आरंभ सोयीचा.

पाण्याचा हिरवा रंग सूक्ष्म शैवलांमुळे येतो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. पाणी घटून क्षारता वाढल्याने लवणप्रिय सूक्ष्मजीव बळावले, हे त्याचे कारण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. सरोवर परिसर २००० मध्ये अभयारण्य घोषित झाला व २०२० मध्ये त्याचा समावेश रामसर पाणथळ स्थळांत झाला.

सरोवरातून पाणी बाहेर वाहून जाण्यास मार्ग नाही. येणारे पाणी बाष्पीभवनाने उडते व क्षार मागे राहतात. येथील क्षारीयतेचे रहस्य हेच होय. मात्र त्याच कारणाने सांडपाणी व शेतातील खतांचा अंशही आतच साचतो, आणि गोड्या पाण्याची आवक फार वाढल्यास क्षारता उतरून येथील खास सूक्ष्मजीवसृष्टी धोक्यात येते. त्यामुळे या स्थळाचे रक्षण केवळ विवराच्या कडेच्या आत करून भागत नाही. कडेबाहेरील वस्ती व शेती यांतून उतरणाऱ्या पाण्यावरही ते अवलंबून आहे.