लंगडी घालून बघा

धाराशिव जिल्ह्यात, मग ते लोहारा का असेना, खेळ म्हटला की आधी खो-खो. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळालेली सारिका काळे याच जिल्ह्यातली. फुटबॉल त्यामानाने मागे. पण दोन्ही खेळांत पोरांच्या पायांना काम सारखं पडत नाही. उजव्याने किक मारणारा सगळा भार डाव्यावर तोलतो. खो मिळताच सवयीच्या पायानेच रेटा देऊन उठणारेही पुष्कळ.

त्याहून घातक तफावत एकाच पायात असते. मांडीचा पुढचा स्नायू दणकट होतो, मागचा, म्हणजे हॅमस्ट्रिंग, दुर्लक्षित राहतो. जोरात धावताना पुढे फेकलेल्या पायाला आवर घालायचा तो यानेच. कमजोर किंवा आखडलेला असला की तो ताणला जातो, कधी फाटतो. त्यात वयात येताना हाडं भराभर वाढतात, स्नायू मागून येतात. एरवी सहज अंगठे धरणारा मुलगा तेव्हा वाकताना अडतो.

तपासणीला यंत्र लागत नाही. एका पायावर सलग तीन लांब उड्या, टेपने अंतर मोजायचं, मग दुसरा पाय. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी पडणाऱ्या पायावर मेहनत हवी. हॅमस्ट्रिंगसाठी सतरंजीवर गुडघे टेकायचे, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि कंबर न मोडता सावकाश पुढे झुकायचं. फिफाच्या ‘११+’ या वीस मिनिटांच्या सरावातही हा व्यायाम आहे. मैदानाला दोन फेऱ्या मारून उरकलेला आपला वॉर्म-अप त्यापुढे अगदीच तोकडा. गुडघ्यांवरचा हा व्यायाम सुरुवातीला चार-पाच वेळा पुरे. दुसऱ्या दिवशी मांड्या चांगल्याच भरून येतात.