अकरावीचा फॉर्म भरण्याआधी

"बाई, पोरीला ९० टक्के पडले. आता आर्ट्‌सला कशाला घालू?" सोलापुरात दहावीचा निकाल लागला की हे मला हमखास ऐकू येतं. विचारणारी आई शहराच्या पूर्व भागातली, विड्या वळून घर चालवणारी. तिची भीती खोटी नाही; लेकीचं काही चुकलं तर सावरायला घरात शिकलेलं कुणी नसतं. "सायन्स घेऊन ठेव, सगळे रस्ते मोकळे," हा शेजाऱ्यांचा सल्ला म्हणून तिला पटतो.

तो सल्ला अर्धाच खरा आहे. डॉक्टर व्हायचं तर भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवंच. आर्ट्‌समधून 'नीट' परीक्षा देता येत नाही. पण बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम कुठल्याही शाखेतून करता येतो. स्पर्धा परीक्षेला तर कुठलीही पदवी चालते. आणि 'घेऊन ठेवलेल्या' सायन्सची किंमत मोठी असते: क्लासची फी, नावडत्या विषयांत गेलेली दोन वर्षं, आणि "मला जमतच नाही" ही मनात बसलेली भावना. मला तीच सर्वांत वाईट वाटते.

मी भूगोल शिकवते. राज्य मंडळाच्या बारावीत तो कला शाखेत घेता येतो, विज्ञान शाखेतही. गणिताचं तर एकच पुस्तक दोन्ही शाखांना आहे. कॉलेजात हवा तो विषय खरंच शिकवतात का, एवढं मात्र आधी विचारून घ्या.

वर्गात उजनी धरणाचा विषय निघाला की शाखांची भिंत उरत नाही. धरण ११७ टीएमसीचं, जिल्ह्यात पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात किती पाण्याची वाफ होते, हे भौतिकशास्त्र सांगेल. तरीही ऊसच का लावला जातो आणि पाण्याची पाळी आधी कुणाला मिळते, हे अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राशिवाय कळणार नाही. या जिल्ह्याला दोन्हींकडची हुशार मुलं हवी आहेत.

आणि निवडलेली वाट बदलताही येते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत शिकवलेले रणजितसिंह डिसले इंजिनिअरिंग सोडून डी.एड.कडे वळले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणाऱ्या या गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं.

बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पुस्तकं फुकट मिळतात. फॉर्म भरण्याआधी भौतिकशास्त्राचा एक धडा आणि इतिहासाचा एक धडा मुलांना स्वतः वाचू द्या, आणि कुठला पुन्हा वाचावासा वाटला ते विचारा.