रंग तुमच्या आवडीचा, माप मात्र डोळ्याचं!

‘‘ताई, तुझा डोळा सरकायलाय!’’

परभणीला मावशीच्या घरी, पोहे आणि चहाचा ट्रे मध्ये ठेवून पाहुणे बसलेले असताना हे वाक्य फेकलं आमच्या सात वर्षांच्या भाच्यानं. सगळ्यांनी वळून मावसबहिणीकडे पाहिलं. तिच्या डाव्या डोळ्यातलं मधाळ रंगाचं कडं खरोखरच खाली घसरलं होतं. वर तिचं स्वतःचं काळंभोर बुबुळ, खाली हनी ब्राऊन! ती तोंडावर पदर धरून आत पळाली. मुलाची आई हसली, मुलगा गोंधळला आणि मी? मला त्या क्षणी जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं. कारण त्या लेन्स माझ्या होत्या.

दोन वर्षांपूर्वीची, भर मे महिन्यातली ही गोष्ट. मी पुण्यात आयटी कंपनीत. ऑफिसातल्या पार्टीसाठी म्हणून रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या होत्या. झिरो पॉवर, एकदम मस्त. रीतसर तपासून घेतल्या होत्या आणि मला त्या छान बसल्याही होत्या. सुट्टीत गावी गेले तशी धाकटी मागं लागली. ‘‘दाखवायचा कार्यक्रम आहे गं, एकच दिवस दे ना. तुला किती भारी दिसायल्यात!’’ ती परभणीतच एका बँकेत नोकरी करते. हुशार, बिनधास्त पोरगी. तिचे डोळे मुळात सुंदर आहेत, हे तिला सांगावं असं मला तेव्हा सुचलंच नाही. मी सोल्युशननं लेन्स धुतल्या आणि दिल्या. रंग तिला शोभत होता, प्रश्न मापाचा होता. आणि लेन्सला माप असतं, हे मला माहीत असूनही मी विसरले होते.

माप म्हणजे नक्की काय?

आपण दुकानात जातो आणि विचारतो, ‘ग्रे आहे का? ग्रीन दाखवा.’ बुटाच्या दुकानात शिरून ‘लाल बूट द्या’ म्हणण्यासारखंच आहे हे! लेन्सच्या डबीवर बारीक अक्षरात दोन आकडे छापलेले असतात. एक ‘बीसी’, म्हणजे बेस कर्व्ह. दुसरा ‘डीआयए’, म्हणजे डायमीटर. सगळी मेख इथेच आहे.

बेस कर्व्ह म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूचा बाक. सॉफ्ट लेन्समध्ये तो बहुतेक वेळा ८.४ ते ८.८ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. आकडा जितका लहान, तितकी लेन्स खोलगट, आकडा मोठा तर लेन्स सपाट. आपल्या डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यालाही, म्हणजे कॉर्नियालाही, असाच बाक असतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा. केरॅटोमीटर नावाच्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसलं की दोन मिनिटांत तो मोजता येतो. माझा निघाला जवळपास ८ मिलिमीटर, धाकटीचा ७.४. म्हणायला अर्ध्या मिलिमीटरच्या वरचा फरक, पण डोळ्याच्या दुनियेत तो अफाट! माझ्या सपाट डोळ्यावर ८.६ची लेन्स गुण्यागोविंदानं राहिली, तिच्या जास्त बाकदार डोळ्यावर ती घसरगुंडी खेळायला लागली.

दुसरा आकडा डायमीटरचा. बुबुळाची रुंदी साधारण साडेअकरा ते बारा मिलिमीटर. सॉफ्ट लेन्सनं ते झाकून चहूबाजूंनी थोडं पांढऱ्या भागावर टेकायला हवं, म्हणून ती बहुधा १४ ते १४.५ मिलिमीटरची असते. धाकटीचं बुबुळ जेमतेम ११ मिलिमीटर, माझी लेन्स १४.५ची. म्हणजे बाक चुकला होता आणि घेरही.

आजीच्या भाषेत सांगायचं तर, बांगडीसारखंच! दोन-चारची बांगडी हवी असलेल्या हातात दोन-आठची घातली तर ती कोपरापर्यंत फिरते. आणि उलट केलं तर? घट्ट बांगडी निदान घालतानाच कळते. घट्ट लेन्स मात्र फसवी. पहिला तासभर ती सैल लेन्सपेक्षाही आरामशीर वाटते, कारण ती हलतच नाही. पण कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून. लेन्सखाली अश्रूंची ये-जा थांबली की डोळा गुदमरतो. संध्याकाळी लेन्स काढल्यावर पांढऱ्या भागावर गोल वळ दिसला तर समजा, घट्ट होती.

बाहुलीसारखे डोळे? जरा थांबा!

हल्ली आणखी एक आकडा मिरवला जातो, रंगाच्या कड्याचा घेर. लेन्स १४.२ची असली तरी तिच्यावर छापलेलं रंगीत कडं १२.८चं असू शकतं किंवा १३.८चं. कोरियन स्टाइलचे मोठ्ठे ‘डॉल आईज’ हवे असतील तर मोठं कडं. पण तुमचं बुबुळ लहान असेल तर पांढरा भाग झाकला जातो आणि माणूस सुंदर दिसण्याऐवजी सतत दचकल्यासारखा दिसतो! रोज ऑफिसला लावायच्या असतील तर कडं आपल्या बुबुळापेक्षा किंचितच मोठं असावं. एवढं नैसर्गिक की समोरचा म्हणाला पाहिजे, ‘आज काहीतरी वेगळी दिसतेस!’

कड्याच्या मध्ये पारदर्शक खिडकी असते. तिचा आकार ठरलेला, आपल्या बाहुलीचा नाही. अंधारात बाहुली मोठी होते आणि रंगाची कड नजरेच्या आड येते. रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरट दिसायला लागतात. तेव्हा रात्रीच्या बायकर्सनो, रंगीत लेन्स घालून हायवेवर सुटू नका.

चष्मा असलेल्यांसाठी आणखी एक फंडा. चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सला लागत नाही. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब, लेन्स थेट डोळ्यावर. चारच्या पुढच्या नंबरला हा फरक जाणवतो. माझ्या शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राचा नंबर उणे सहा, त्याला लेन्स लागते साडेपाचच्या आसपास. सिलिंडर नंबर असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण त्यासाठी वेगळी टोरिक लेन्स लागते आणि रंगीतमध्ये तिचे पर्याय कमी मिळतात.

पोह्यांनंतरची गोष्ट

आमची गोष्ट त्या पोह्यांवर संपली असती तर आज हसून सोडून दिली असती. पण आत पळालेल्या धाकटीनं घसरलेली लेन्स काढली, बोअरच्या नळाखाली धरली आणि पुन्हा डोळ्यात घातली. पाहुणे खोळंबले होते ना! सैल लेन्स पुन्हा सरकली, तिनं पुन्हा डोळा चोळला. बाहेर परभणीचं ऊन, कोरडी हवा, आत कूलरचा झोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा आवाज, ‘‘अगं, पोरीचा डोळा लालभडक झालाय, उजेड सहन होईना तिला!’’ आम्ही रिक्षा करून नेत्रतज्ज्ञांकडे. त्यांनी स्लिट लॅम्पखाली पाहिलं, हिरवट पिवळा रंग टाकून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, ‘‘नळाचं पाणी लावलं का?’’ कॉर्नियावर जखम होती आणि तिथे जंतुसंसर्ग झाला होता. घर्षणानं दार उघडून दिलं, पाण्यानं पाहुणे आत आणले. पाण्यात अकॅन्थअमीबा नावाचा सूक्ष्म जीवही असू शकतो. तो डोळ्यात शिरला तर उपचार महिनोन्महिने चालतात, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या नशिबानं तिचा संसर्ग त्यातला नव्हता.

सुरुवातीला दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. मावशी मोबाइलवर गजर लावून बसायची. मी सुट्टी वाढवली. रात्री तीनला थेंब घालताना धाकटी एकदा म्हणाली, ‘‘दिसंल ना गं मला?’’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन आठवड्यांनी डोळा बरा झाला. बुबुळाच्या कडेला मोहरीएवढं फूल राहिलं, पांढरट डाग. ‘‘कडेला आहे म्हणून वाचलात,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘हेच बाहुलीसमोर असतं तर नजर अधू झाली असती.’’

जगात जर्मनी...

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणतो. गंमत म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्सच्या इतिहासातही जर्मन माणूस आहेच! आडोल्फ फिक या जर्मन डॉक्टरनं १८८८मध्ये काचेच्या लेन्सबद्दल लिहिलं. आजच्या मऊ लेन्सचा जनक ओटो विख्टरले हा चेक शास्त्रज्ञ. त्यानं १९६१मध्ये घरच्या टेबलावर, मुलांच्या खेळण्यातले भाग जोडून लेन्स बनवायचं यंत्र तयार केलं. पुढे लेन्स इतक्या सोप्या झाल्या की आपण त्यांना टिकली-लिपस्टिकच्या रांगेत बसवलं. अमेरिकेत २००५मध्ये कायदाच झाला, नुसत्या शोभेच्या, बिननंबरी लेन्सही वैद्यकीय साधन मानायच्या आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. झिरो पॉवर असली तरी डोळ्याला टेकणारी वस्तू शेवटी तीच ना!

तर, लेन्स घ्यायला जाताना...

• आधी डोळे तपासा, केरॅटोमीटरवर बाक मोजून घ्या. बीसी, डीआयए आणि नंबर चिठ्ठीवर लिहून मागा.

• बऱ्याच रंगीत लेन्स एकाच बेस कर्व्हमध्ये येतात. ती बसली नाही तर ‘सवय होईल’ यावर विश्वास ठेवू नका. ब्रँड बदला.

• ट्रायल लेन्स घालून पंधरा-वीस मिनिटं बसा, मग तपासून घ्या. पापणी लवल्यावर लेन्स किंचित हलून जागेवर यायला हवी. अजिबात हलत नसेल तर घट्ट, फार फिरत असेल तर सैल.

• आपले डोळे गडद, त्यामुळे हलक्या टिंटचा रंग दिसतच नाही. अपारदर्शक रंगाची लेन्स लागते. हनी, हेझल आपल्या वर्णाला सहज खुलतात.

• हात साबणानं धुऊन कोरडे करा. लेन्सला पाणी नाही, थुंकी तर नाहीच. सोल्युशन रोज नवं, डबी तीन महिन्यांत बदला.

• मेकअपच्या आधी लेन्स घाला, मेकअप पुसण्याआधी काढा. लेन्स घालून झोपू नका.

• डोळा दुखला, लाल झाला, उजेड खुपला तर लेन्स ताबडतोब काढा आणि डॉक्टर गाठा. लेन्स आणि डबीही सोबत न्या.

• आणि जिवाभावाच्या बहिणीलासुद्धा आपली लेन्स देऊ नका. एक दिवसासाठीही नाही!

ते स्थळ पुढे जमलं नाही. पत्रिका आडवी आली, लेन्स नव्हे. गेल्या वर्षी धाकटीचं लग्न ठरलं आणि तिनं मला फोन केला, ‘‘लेन्स घ्यायच्यात. माझ्या मापाच्या!’’ मी दोन क्षण गप्प. पण ती डॉक्टरांना विचारून बसली होती. त्यांनी मधले महिने थांबवून, पुन्हा तपासून परवानगी दिली होती. रोज फेकायच्या लेन्स, तेही चार-पाच तासच. बीसी ८.४, डीआयए १४, कडं लहान, रंग तिच्या स्वतःच्या डोळ्यांहून जेमतेम एक छटा उजळ. रिसेप्शनला कुणाला कळलंसुद्धा नाही.

चुडा भरायच्या दिवशी मीही हात पुढे केला. ‘‘दोन-सहाच्या द्या,’’ मी रुबाबात म्हणाले. कासारमामांनी आकड्याकडे लक्षच दिलं नाही. माझा हात हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड दाबून पाहिलं आणि दोन-आठच्या काढल्या.

‘‘हात बघितल्याबिगर माप सांगू नये, ताई!’’

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळा मारला. डावा, फूलवाला.