द्रौपदी हसली, असं कोण म्हणतं?

मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला आणि द्रौपदी खदखदून हसली, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 'आंधळ्याचा मुलगा आंधळाच' असं ती म्हणाली, हेही. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या बी. आर. चोप्रांच्या मालिकेत तर घराघरानं ते पाहिलं. मग पुढे द्यूत झालं, भर सभेत तिचं वस्त्र ओढलं गेलं, आणि ऐकणारा हळूच मान डोलावतो: चूक तिचीही होतीच की.

आता सभापर्व उघडून बघू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं १९१९ ते १९६६ एवढी वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळातल्या मल्याळम लिपीपर्यंतच्या बाराशेहून अधिक पोथ्या त्यासाठी हाताळल्या. एकेका श्लोकाचे पाठ शेजारीशेजारी मांडले आणि जे सर्वांत जुनं, सर्वदूर आढळणारं, ते मुख्य संहितेत ठेवलं. बाकीचं तळटिपांत आणि परिशिष्टांत गेलं. सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन संस्कृत पंडितानं केलं. या आवृत्तीत मयसभेचा प्रसंग सापडतो, दुर्योधन पाण्यातही पडतो. पण 'आंधळ्याचा मुलगा' हे द्रौपदीचं वाक्य कुठेच नाही.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. खरी गंमत पुढे आहे, कारण हा प्रसंग पोथीत एकदा नाही, तीनदा सांगितलेला आहे आणि तिन्ही वेळा हसणारे वेगळे आहेत.

पहिल्यांदा सांगतो तो वैशंपायन, म्हणजे कथेचा निवेदक. राजसूय यज्ञ उरकला, पाहुणे आपापल्या गावी गेले, कृष्णही द्वारकेला निघून गेला. मागे राहिले दुर्योधन आणि शकुनी. दुर्योधन सभा बघत फिरतो, स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून कपडे सावरतो, आणि खऱ्या पाण्याला जमीन समजून धपकन पडतो. सेवक हसतात. राजाज्ञेवरून त्याला कोरडी वस्त्रं देतात. भीम हसतो, अर्जुन हसतो, नकुल-सहदेवही हसतात. यादी संपली. द्रौपदीचं नावसुद्धा नाही.

दुसऱ्यांदा बोलतो स्वतः दुर्योधन, परतीच्या वाटेवर, शकुनीपाशी. पांडवांचं वैभव पाहिलं, ती सभा पाहिली, आणि रखवालदार आपल्याला हसले, म्हणून अंगाची आग होते आहे, असं तो म्हणतो. म्हणजे त्याच्या मनात सलतायत ती चाकरमाणसं. मामा सोबतच होता. त्याच्यापुढे तिखटमीठ लावून उपयोग नव्हता.

तिसरी वेळ हस्तिनापुरातली. द्यूताचा बेत शकुनीनं आधीच शिजवलेला आहे. हवी आहे ती फक्त धृतराष्ट्राची परवानगी. आणि इथे, बापाचं मन वळवायला बसलेल्या दुर्योधनाच्या तोंडी, पहिल्यांदाच द्रौपदी येते: कृष्ण अर्जुनासह मोठ्यानं हसला, आणि बायकांच्या घोळक्यासह द्रौपदीही. पण निवेदकाच्या सांगण्यानुसार कृष्ण तर केव्हाच द्वारकेच्या वाटेला लागला होता! उलट, निवेदकानं ज्यांना हसताना दाखवलं ते नकुल-सहदेव या कथनात हसत नाहीत. दारात कपाळ आपटलेल्या दुर्योधनाला ते हळहळत सावरून धरतात, आणि सहदेव स्मित करत 'इकडून दार आहे' असं पुन्हा पुन्हा सांगतो. जुळ्या भावांच्या तोंडचं हसू काढून ते कृष्ण आणि द्रौपदीच्या तोंडी घातलं गेलं आहे. हे पहिल्यांदा ध्यानात येतं तेव्हा माणूस पुस्तक मिटून दोन मिनिटं गप्प बसतो.

आणि ऐकणारा कोण आहे, तेही बघा. जिथे धडधाकट डोळेही फसतात अशा सभेचं वर्णन चाललं आहे एका आंधळ्यापुढे, ज्याला सांगणाऱ्याच्या शब्दापलीकडे काही पडताळता येत नाही. द्रौपदीनं खरंच आंधळेपणावरून टोमणा मारला असता, तर धृतराष्ट्राला पेटवायला त्याहून नेमकं हत्यार कोणतं होतं? दुर्योधन ते बाहेर काढत नाही. जो माणूस गावाला गेलेल्या कृष्णालासुद्धा हसायला उभा करतो, तो हा हुकमाचा पत्ता खाली ठेवेल? माझ्या मते वाक्य प्रक्षिप्त असल्याचा हा पुरावा पोथ्यांच्या पुराव्याइतकाच भक्कम आहे, आणि तो दुर्योधनाच्या स्वभावातून मिळतो.

मग ते वाक्य आलं कुठून? प्रचलित छापील पाठात याच तक्रारीत आणखी एक तपशील आहे: भीम हसत हसत दुर्योधनाला 'धृतराष्ट्रपुत्रा' म्हणून हाक मारतो आणि दार दाखवतो. बीज बहुधा इथलं असावं, असा माझा तर्क. हाक भीमाची, काळाच्या ओघात ती द्रौपदीची झाली आणि तिला काटेही फुटले.

आता कोणी म्हणेल, निवेदकाचा तरी काय भरवसा? वैशंपायन कथा सांगतोय जनमेजयाला, म्हणजे अर्जुनाच्या पणतूला. यजमानांच्या घरची सून त्यानं झाकली नसेल कशावरून? शंका रास्त आहे. पण यजमानांचा सख्खा पणजोबा हसला, हे तो बेधडक सांगतो. झाकायचंच असतं तर आधी ते झाकलं असतं. पोथ्यांचे अभ्यासक दुसरी अडचण काढू शकतात. हे तिसरं कथन येण्याआधी जनमेजय 'पुन्हा सविस्तर सांगा' अशी विनंती करतो, तेव्हा इथे दोन वेगवेगळ्या काळांतले थर सांधलेले असणं अगदी शक्य आहे. असतीलही. पण ज्यानं कोणी ते सांधले, त्यानं विसंगती घासून गुळगुळीत केली नाही, आणि वाचकाला दुर्योधन कळतो तो त्या विसंगतीतूनच.

स्वयंवरात 'सूतपुत्राला वरणार नाही' असं द्रौपदीनं कर्णाला फटकारलं, तो प्रसंगही चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. तिच्या नावावर खपणारे दोन मोठे अपमान, आणि दोन्ही तिच्या विटंबनेला कारण पुरवणारे. लोकांना सभेतल्या त्या गप्प बसलेल्या थोरामोठ्यांपेक्षा एका बाईच्या हसण्याला दोष देणं सोयीचं वाटलं असणार.

मराठीत ही माणसं पुन्हा तपासायची हौस मोठी. दुर्गाबाई भागवतांचं 'व्यासपर्व' १९६२ चं. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' १९६७ चं. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच १९६७ मध्ये शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आलं, आणि त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, कृष्ण वगैरे प्रत्येक जण आपापल्या तोंडानं बोलतो. कर्ण 'मृत्युंजय'मधून आणि द्रौपदी मालिकेतून भेटलेल्या वाचकानं तर मूळ सभापर्व एकदा अनुवादातून का होईना वाचावंच. त्यात कोण कोणाशी आणि कोणत्या कामासाठी बोलतं आहे, एवढ्यावर बोट ठेवलं तरी पुरे.

बापापुढच्या त्या तक्रारीतच बघा. हसण्याच्या पाठोपाठ दुर्योधन म्हणतो की ओल्या कपड्यांवर सेवकांनी राजाज्ञेवरून कोरडी वस्त्रं आणून दिली, ते आणखी लागलं. युधिष्ठिराचा चांगुलपणा त्याला थट्टेपेक्षा झोंबतो! मग जुळ्या भावांचा आधार, तोही दुःखांच्याच यादीत. आणि सर्वांत शेवटी, द्रौपदी, भीम, कृष्ण सगळे बाजूला पडल्यावर, तो सांगतो की त्या सभेत अशी रत्नं पाहिली ज्यांची नावंही मी कधी ऐकली नव्हती, आणि त्यानंही माझं मन जळतं आहे.